खोळंबलेल्या अर्जांची हकीकत

नौपाड्यांतील एका बँकेच्या कचेरींत गेल्या श्रावणांत घडलेला एक अगदीं साधा प्रसंग प्रस्तुत लेखास कारण झाला आहे. महिन्याचा पहिला आठवडा असल्यामुळें निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्ध मंडळींची रांग दारापर्यंत आली होती. इतक्यांत खिडकींतील कारकुनानें हात वर केले आणि "यंत्र अडकलें आहे, जरा थांबा" असें सांगितलें. दिवे लागलेले होते, पंखे फिरत होते, पडद्यावर अक्षरें दिसत होतीं; मोडलें असें कांहींच नव्हतें. तरी पाऊण तासपर्यंत एकाही माणसाचें काम पुढें सरकलें नाहीं. माझ्या पुढें जे गृहस्थ उभे होते त्यांस पत्नीच्या औषधासाठीं त्याच दिवशीं पैसे हवे होते. ते मागें वळून मला म्हणाले, "अहो, बिघडलें असेल तर बिघडलें म्हणा, पण न बिघडतां यंत्र थांबतें कसें?"

त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. त्या दिवशींचें कारण काय होतें तें बँकेंत कोणी सांगितलें नाहीं, आणि खिडकींतील बिचाऱ्या कारकुनास तें ठाऊक असण्याचें कारणही नव्हतें. परंतु गृहस्थांचा प्रश्न मनांत राहिला. न मोडतां थांबण्याची ही व्याधि यंत्रांत कशी शिरली, आणि गेल्या साठ वर्षांत तिच्यावर कोणकोणते उपाय झाले, याची हकीकत शोधूं लागलों तेव्हां ती बरीच मनोरंजक आहे असें आढळून आलें.

ठाण्याच्या माणसास हा विषय समजून घेण्यासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी तीन एंजिनें, १४ डबे व सुमारें ४०० पाहुणे घेऊन, २१ मैलांचा प्रवास करून आमच्या गांवीं आली, आणि पुढच्याच वर्षीं, १८५४ च्या मे महिन्यांत, रस्ता कल्याणपर्यंत गेला. आगगाडीच्या व्यवहाराचा एक मूळ नियम असा आहे कीं, ठरविलेल्या एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी. पुढची वाट मोकळी असल्याची खूण मिळाल्यावांचून मागची गाडी सोडावयाची नाहीं. नियम सुरक्षिततेचा आहे खरा. पण खोळंब्याचें बीजही त्यांतच आहे. स्टेशनांतील सर्व मार्ग गाड्यांनीं भरले आणि प्रत्येक गाडीस नेमका दुसरीनें अडविलेला मार्ग हवा असला, तर कोणतेंही एंजिन नादुरुस्त नसतां आणि कोणताही ड्रायव्हर चुकलेला नसतां सर्व गाड्या जागच्या जागीं उभ्या राहतील. त्यांतून सुटावयाचें तर कोठें तरी एक रिकामा मार्ग आधींपासून राखलेला असला पाहिजे.

कल्याणापुढें लोहमार्गास दोन फांटे फुटतात. एक कसाऱ्यावरून थळघाट चढतो, दुसरा कर्जतेवरून बोरघाट. बोरघाटाचा मार्ग १८६३ सालीं व थळघाटाचा १८६५ सालीं खुला झाला. या घाटांत उतरणीच्या बाजूस मुख्य मार्गाला लागून चढावर जाणारे आणि पुढें कोठेंच न पोंचणारे तुटक मार्ग बांधलेले आहेत. ताबा सुटलेली गाडी त्यांत शिरून चढावर आपोआप थांबावी अशी योजना असून, सांधे नेहमीं त्या तुटक मार्गाकडेच वळवून ठेवतात. उतरणारी गाडी पुरती थांबली, ती ताब्यांत आहे अशी खात्री पटली, म्हणजे मग सांधा फिरवून तिला मुख्य मार्गावर घेतात. वर्षानुवर्षें रिकामे पडलेले हे रूळ पाहून एखाद्या हिशेबी गृहस्थास लोखंडाचा अपव्यय झाला असें वाटेल. वाचकांनीं हें रिकामेपण लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां यंत्राकडे वळूं. मुंबईंत बांधल्या गेलेल्या पहिल्या मोठ्या गणकयंत्रांत असा खोळंबा होण्याचा संभवच नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं स्वतः जुळविलेलें यंत्र १९६० सालीं कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' असें नांव दिलें. त्याची स्मृति, म्हणजे आजच्या भाषेंत मेमरी, २०४८ शब्दांची होती, आणि यंत्राचा एक शब्द म्हणजे शून्य किंवा एक अशा ४० अंकांचा समूह. प्रस्तुत लेखाएवढा मजकूरही तींत मावला नसता. तें एका वेळीं एकाच माणसाचें गणित करी. रांग असे ती यंत्राच्या बाहेर, पाळीची वाट पाहणाऱ्या संशोधकांची. तींत तंटा झालाच तर तो माणसांचा तंटा असे, आणि माणसें तो माणसांच्या रीतीनें, थोडें रागावून व थोडें हसून, मिटवूं शकत.

१९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हें अमेरिकन यंत्र आलें, आणि देशांतील ठिकठिकाणच्या विद्यापीठांचीं व संस्थांचीं गणितें भोकें पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांतून त्याच्याकडे येऊं लागलीं. एवढें किमती यंत्र एका माणसाचीं कार्डें वाचून होईपर्यंत स्वस्थ बसूं देणें कोणासच परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून जगांत सर्वत्र अशा यंत्रांवर एक कारभारी नेमण्यांत आला. त्याचें नांव ऑपरेटिंग सिस्टिम. हा कारभारी म्हणजे कोणी मनुष्य नव्हे, तोही आज्ञांचा एक संग्रहच. परंतु कोणाचें काम आधीं घ्यावयाचें, कोणास किती स्मृति द्यावयाची, भांडारांतून कोणाचा कागद प्रथम काढावयाचा, हें सारें त्याच्या हातीं आलें. दाराबाहेरची रांग अशा रीतीनें यंत्राच्या पोटांत गेली, आणि तेथें ती कोणाच्या डोळ्यांस दिसेनाशी झाली.

भांडार हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. यंत्राची स्मृति जलद असते, पण ती थोडी असते आणि वीज गेली कीं पुसली जाते. टिकाऊ नोंदी ठेवण्यासाठीं निराळी जागा लागते. १९५६ सालीं आयबीएम कंपनीनें अशा कामासाठीं फिरत्या तबकड्यांचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या, आणि एक दांडा वर-खालीं व आंत-बाहेर सरकून हवी ती नोंद शोधी. त्या सर्वांत मिळून ५० लक्ष अक्षरें मावत, व एक नोंद गांठण्यास सरासरीनें अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागे. पुढें तबकड्या लहान व चपळ झाल्या. तरी यंत्राची गणना आणि तबकडीची हालचाल यांतील अंतर वाढतच गेलें. एका बेरजेस अब्जांश सेकंद आणि फिरत्या डिस्कवरील एका नोंदीस शतांश सेकंद असा आपण ढोबळ हिशेब धरूं. बेरजेचा काळ एक सेकंद मानला, तर त्या मानानें एक नोंद हातीं येण्यास जवळजवळ चार महिने लागतात. मग भांडाराच्या दाराशीं अर्ज सांचतील यांत नवल तें काय?

या रांगेचा पहिला विचार झाला तो वेगाच्या दृष्टीनें. आलेल्या क्रमानें अर्ज घेतले तर दांडा इकडून तिकडे व्यर्थ धांवत राहतो. त्यापेक्षां इमारतींतील लिफ्ट जशी एका दिशेनें जातां जातां वाटेंतील सर्व मजल्यांवर थांबते आणि मग उलटी फिरते, तसें दांड्यानें करावें. या निरनिराळ्या पद्धतींची गणितानें तुलना करणारा पीटर डेनिंग यांचा निबंध १९६७ सालीं प्रसिद्ध झाला. लिफ्टची पद्धत चांगली खरी. परंतु तींतही एक अन्याय राहतो. दांडा जेथें आहे त्याच्याच आसपास नवे नवे अर्ज येत राहिले, तर दूर कोपऱ्यांतील एखादा अर्ज फार काळ तसाच पडून राहतो. यावरील एक उपाय येन्स आक्सबू यांनीं २००२ सालीं लिनक्समध्यें घातला. लिनक्स हा १९९१ सालीं लिनस टॉर्वल्ड्स यांनीं आरंभिलेला व सर्वांस खुला असलेला कारभारी. त्यांतील वादविवाद, चुका व दुरुस्त्या सगळ्या चव्हाट्यावर होतात, म्हणूनच या विषयाचा इतिहास लिहिणें शक्य झालें आहे. बंद दारांआडच्या कारभाऱ्यांनींही पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्यांचे कागद पाहावयास मिळत नाहींत. आक्सबू यांच्या योजनेंत प्रत्येक अर्जावर मुदत लिहिलेली असे: वाचण्याच्या अर्जास अर्धा सेकंद, लिहिण्याच्या अर्जास पांच सेकंद. मुदत टळली कीं लिफ्टचा क्रम मोडून तो अर्ज आधीं घ्यावयाचा. वाचणारा उत्तरासाठीं अडून बसलेला असतो. लिहिणारा पत्र पेटींत टाकून आपल्या वाटेनें गेलेला असतो. म्हणून मुदतींत हा दसपट फरक.

पण येथपर्यंत झाला तो उशिराचा विचार. उशीर निराळा आणि खोळंबा निराळा. उशिरा येणारी गाडी कधीं तरी येते. आमच्या गृहस्थांचा प्रश्न न येणाऱ्या गाडीसंबंधीं होता.

हें संकट उत्पन्न होतें तें टंचाईंतून, आणि त्याची गांठ मोठी विलक्षण आहे. यंत्राची स्मृति भरत आली म्हणजे कारभारी काय करतो? तींत पडून असलेल्या, अद्याप भांडारांत न गेलेल्या नोंदी भांडारांत धाडतो आणि ती जागा मोकळी करतो. परंतु नोंद भांडारांत धाडावयाची तर अर्ज लिहावा लागतो, आणि अर्ज लिहावयास थोडी कां होईना, स्मृतीच लागते! जागा नाहीं म्हणून अर्ज लिहितां येत नाहीं, आणि अर्ज लिहितां येत नाहीं म्हणून जागा होत नाहीं. कपाटाची किल्ली कपाटांतच राहून कुलूप लागावें तसा हा प्रकार आहे.

अशा गांठींचा शास्त्रीय विचार हॉलंडांत एडस्खर डायक्स्ट्रा यांनीं १९६५ च्या सुमारास आरंभिला. त्यांच्या एका पद्धतीचें नांवच सराफाची पद्धत असें आहे. सराफानें कर्ज देतांना इतकें भांडवल आपल्याजवळ राखावें कीं, कोणा तरी एका ऋणकोची पुरी गरज भागवितां येईल. त्याचें काम पुरें झालें कीं त्याचा पैसा परत येईल व त्यांतून दुसऱ्याची गरज भागेल. हें पथ्य मोडून सर्वांस थोडें थोडें वांटून तिजोरी रिकामी केली, तर कोणाचेंच काम पुरें होत नाहीं आणि कोणाचाच पैसा परत येत नाहीं. १९७१ सालीं कॉफमन, एल्फिक व शोशानी या तिघांनीं अशा गांठीचीं चार लक्षणें नमूद केलीं: वस्तु एका वेळीं एकाच्याच कामीं येणारी असणें, हातांतली न सोडतां दुसरीची मागणी करणें, बळजबरीनें कोणाची वस्तु काढून घेतां न येणें, आणि वाट पाहणाऱ्यांचें वर्तुळ पुरें होणें. चारांपैकीं एक जरी तोडतां आलें तरी गांठ बसत नाहीं. एवढें सगळें ज्ञान १९७१ पासून पुस्तकांत होतें. तरी भांडाराच्या रांगेंत तें उतरावयास पुष्कळ वर्षें गेलीं. कारण टंचाई क्वचित् येते, आणि बाकीच्या दिवशीं सगळें सुरळीत चाललेलें दिसतें.

लिनक्समध्यें या गांठीवरचा उपाय इंगो मोल्नार यांनीं २००१ सालीं आणला, आणि तो पाहतांच मला आमच्या घाटांतील रिकामे रूळ आठवले. यंत्र सुरू होतांनाच, जागेची चणचण नसतां, थोड्या अर्जांपुरती स्मृति बाजूला काढून ठेवावयाची. नेहमींच्या दिवशीं तिला हात लावावयाचा नाहीं; नेहमींच्या मार्गानें जागा मिळाली नाहीं तरच तींतून एक अर्ज लिहावयाचा, आणि काम होतांच ती जागा परत त्याच राखीव सांठ्यांत जमा करून, वाट पाहणाऱ्या दुसऱ्यास हांक मारावयाची. सांठा लहान असला तरी चालतो. गति मंदावते, पण एकामागून एक अर्ज पुढें सरकतात, आणि प्रत्येक अर्जागणिक थोडी जागा मोकळी होते. मात्र यास एक पथ्य आहे: एकाच कामानें त्याच सांठ्यांतून, पहिलें परत न करतां, दुसऱ्यांदा मागूं नये. दोघांनीं एकेक उचललें व दोघेही दुसऱ्यासाठीं हात पसरून बसले, तर राखीव सांठ्यांतच पुन्हां तीच गांठ बसते. एका डिस्कवर दुसऱ्या आभासी डिस्कचा थर, त्यावर आणखी थर, अशी रचना होऊं लागल्यावर हें पथ्य पाळणें अवघड झालें. म्हणून २०१२ सालीं अशा प्रसंगीं अडकलेले अर्ज उचलून पुढें धाडणारा एक स्वतंत्र सेवक नेमावा लागला.

रांग किती लांब होऊं द्यावी, हाही प्रश्न होताच. लिनक्सच्या २.६ या मालिकेंत प्रत्येक डिस्कच्या रांगेस वाचण्याचे १२८ व लिहिण्याचे १२८ अर्ज अशी मर्यादा सामान्यतः असे. मालिकेच्या पुढील आवृत्त्यांतील हिशेबाप्रमाणें अर्ज ११३ झाले कीं दारावर "गर्दी आहे" अशी पाटी लागे. परंतु ११२ झाल्याबरोबर ती उतरत नसे, १०३ च्या खालीं आल्यावरच उतरे. हें अंतर कां ठेवलें, तें ठाण्याच्या फलाटावर सायंकाळीं उभें राहिलेल्या माणसास सांगावयास नको. डब्याच्या दारांतून एक माणूस उतरतांच दहा आंत घुसूं लागले, तर उतरणें व चढणें दोन्ही थांबतात.

आतां या हकीकतींतील माझ्या मतें सर्वांत बोधक भाग येतो, आणि तो अगदीं अलीकडचा आहे. कारभारी अर्ज घेऊन थेट डिस्ककडे जात नाहीं. मध्यें त्या त्या जातीच्या डिस्कची भाषा जाणणारा एक भांडारपाल असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. कारभाऱ्यानें अर्ज पुढें केला आणि भांडारपाल "आतां नाहीं" म्हणाला, म्हणजे काय समजावयाचें? सरकारी कचेरींत ज्यानें चार दिवस काढले आहेत त्यास ठाऊक आहे कीं, या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, "बसा, मी हांक मारतों." दुसरा, "मागाहून या." पहिल्यांत बोलावण्याची जबाबदारी त्यानें घेतली; दुसऱ्यांत ती आपल्यावर टाकली. दुसऱ्या अर्थानें बोलणाऱ्या कारकुनाचे शब्द आपण पहिल्या अर्थानें घेतले, तर आपण बांकावर बसून राहतों, तो आपल्यास विसरून जातो, आणि कचेरी बंद होईपर्यंत दोघांपैकीं कोणाचाच अपराध होत नाहीं.

यंत्रांत नेमकें हेंच घडत असे. भांडारपालाजवळ आधींचे अर्ज चालू आहेत व त्यांनीं डिस्कची क्षमता व्यापली आहे म्हणून नकार आला असेल, तर चिंता नाहीं. त्यांपैकीं एक पुरा झाला कीं रांगेस आपोआप हांक जाते. परंतु नकार दुसऱ्याच कांहीं टंचाईमुळें आला, उदाहरणार्थ अर्ज डिस्ककडे पोंचविण्यासाठीं भांडारपालास लागणारी क्षणिक जागाच मिळाली नाहीं, आणि त्या डिस्कवर त्या वेळीं एकही अर्ज चालू नसला, तर हांक मारणार कोण? पुरें होण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. पुढें टंचाई संपते, जागा मुबलक होते, तरी रांग तशीच उभी राहते. उलट, प्रत्येक नकारानंतर कारभाऱ्यानें लगेच पुन्हां पुन्हां विचारीत राहावें असें ठरविलें, तर तो सगळा वेळ दार ठोठावण्यांतच घालवितो आणि दुसरीं कामें खोळंबतात. २०१८ सालीं लिनक्समध्यें यावर जो तोडगा निघाला तो दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. नकारासाठीं आतांपर्यंत एकच शब्द होता, त्याचे दोन केले. एका शब्दाचा अर्थ, "वस्तु मोकळी झाली कीं मीच रांगेस जागें करीन." दुसऱ्याचा अर्थ, "तसें वचन मी देत नाहीं." दुसरा शब्द आला आणि हांक मारणारें कोणी चालू नसलें, तर कारभारी आपलें घड्याळ लावतो व थोड्या मिलिसेकंदांनीं स्वतःच पुन्हां चौकशी करतो.

याहूनही सूक्ष्म एक अपघात आहे. तुम्ही खिडकीशीं गेलां, नकार मिळाला, आणि प्रतीक्षेच्या यादींत नांव लिहावयास वळलां. तेवढ्या निमिषांत शेवटचा चालू अर्ज पुरा झाला आणि शिपायानें यादी पाहून हांक मारली. यादींत तुमचें नांव अजून नव्हतें. तुम्ही नांव लिहिलें तेव्हां हांक होऊन गेली होती. आतां दुसरी हांक येणार नाहीं. हा अपघात लाखांत एकदां घडतो, मुद्दाम घडवूं म्हटलें तर घडत नाहीं, आणि ज्या यंत्रांत सेकंदास लाखों अर्ज जातात तेथें लाखांत एकदां म्हणजे वारंवार होय. त्यावर उपाय हाच कीं, नांव लिहून झाल्यावर, बसण्यापूर्वीं, खिडकीशीं आणखी एकदां विचारावयाचें. वाचकांस हें पोरकट वाटेल. पण एवढ्या एका पावलाच्या अभावीं रांगा थिजल्या आहेत.

आणि तरीही गांठ बसलीच तर? दिलेल्या अर्जास ठराविक काळांत, सामान्यतः ३० सेकंदांत, डिस्ककडून उत्तर आलें नाहीं, तर बहुतेक डिस्कांच्या बाबतींत भांडारपाल तो बुडाला असें धरून सावरासावर करतो. एखादें काम १२० सेकंदांहून अधिक काळ अडून राहिलें, तर लिनक्स तशी नोंद आपल्या रोजनिशींत करतो. त्या नोंदीनें कांहीं सुटत नाहीं, पण मागाहून शोध घेणाऱ्यास कोणता अर्ज कशाची वाट पाहत होता तें त्यांत सांपडतें.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत तबकड्यांची जागा हालचाल नसलेल्या सांठ्यांनीं घेतली, आणि एका रांगेच्या जागीं अनेक रांगा आल्या. जुन्या पद्धतीच्या डिस्कपुढें एक रांग व तींत ३२ अर्ज असत. २०११ सालीं ठरलेल्या एनव्हीएमई या नियमावलींत सुमारें ६५ हजार रांगांची मुभा आहे. लिनक्सनेंही २०१४ पासून अनेक रांगांची पद्धत स्वीकारली आणि २०१९ सालीं जुनी एकेरी पद्धत काढून टाकली. भांडाराच्या व्यवहारावरील पुष्कळसें काम आपल्या महाराष्ट्रांतही चालतें. व्हेरिटासचें केंद्र पुण्यांत उभें राहिलें, आणि ड्रुवा ही कंपनी २००८ सालीं तेथेंच जन्मास आली. अनेक रांगांनीं वेग वाढला हें निर्विवाद. पण ठाणें ते दिवा यांमधील पांचवा व सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्यें खुला झाला तेव्हां आम्हां प्रवाशांस जो अनुभव आला, तोच येथें आला: मार्ग वाढले तरी पुढचे सांधे व फलाट मोजकेच राहतात. रांगा पुष्कळ झाल्या, परंतु राखीव सांठा, क्षमता व भांडारपाल हे सामाईकच आहेत. आणि एका रांगेंतील अर्ज पुरा झाल्यावर हांक कोणत्या रांगेस मारावयाची, हा पूर्वीं नसलेला प्रश्न नव्यानें उत्पन्न झाला.

नौपाड्यांतील त्या दिवशीं पाऊण तासानंतर एका तरुण मुलानें येऊन यंत्र बंद केलें व पुन्हां चालू केलें, आणि रांग सरकूं लागली. माझ्या पुढील गृहस्थांचे पैसे मिळाले. तें निवृत्तिवेतन काढल्याची नोंद मात्र त्यांच्या पासबुकांत उमटली नाहीं. कारकून म्हणाला, "आजोबा, ती मागाहून होईल." त्यांनीं लगेच विचारलें, "म्हणजे तुम्ही बोलावणार, का मी यावयाचें?" कारकून क्षणभर थांबला, आणि म्हणाला, "तुम्हीच या."

दुसऱ्या दिवशीं ते गेले, आणि नोंद झाली.